तीन नावं, चार फवारे

सोमवार, ४ मार्च

लेक फोनवर म्हणाली, "आई, सकाळपासून किती वेळा फोन केलास बघ. त्यापेक्षा लिहीत जा. तुझं मन मोकळं होईल आणि मलाही ऑफिसात थोडं काम करता येईल."

बरं, लिहिते. मिस्त्रींच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ती काढून नवी बसवायची. एकवीस तारीख मिळाली आहे. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, आणि लग्नानंतर वर्षभरात मीही म्हणायला लागले. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "जुनी झडप परत देता का हो? आम्ही जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देतो." डॉक्टर हसले. म्हणाले, काळजी करू नका, बहुतेक लोक यातून चालत घरी जातात. तेव्हापासून तो 'बहुतेक' माझ्या घशात अडकून बसलाय.

ही भीती कुठल्याही बायकोला वाटेल. माझी एक जास्तीची आहे, तीही लिहून टाकते. मी जन्मापासून ख्रिस्ती मंडळीतली, मिस्त्री नाहीत. लग्नाच्या वेळीच म्हणाले होते, "तू तुझ्या चर्चला जा, मी कधी आडवा येणार नाही. पण मला ओढायचं नाही." शब्द पाळला त्यांनी. दर रविवारी मला दारापर्यंत सोडतात, बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतात आणि उपासना संपली की घरी आणतात. बाप्तिस्मा नाही, प्रार्थना नाही. उद्या ऑपरेशनच्या टेबलावरून ते परत आलेच नाहीत तर कुठे जातील? मला जिथे जायचंय असं लहानपणापासून ऐकत आले, तिथे ते नसतील तर मी तिथे जाऊन करू काय?

आज खाली माझ्या इस्त्रीच्या दुकानात हाच विचार करत होते आणि एका गिऱ्हाइकाचा सदरा जळता जळता वाचला.

बुधवार, ६ मार्च

चर्चमधला बुधवारचा शास्त्राभ्यास आता अभ्यास राहिलेला नाही, आखाडा झालाय. चर्चला आलेले नवे पाळक तरुण आहेत, अंगाने बारीक, आणि इतकं हळू बोलतात की मागच्या बाकावरच्यांना पुढे सरकावं लागतं. शिकवण मात्र कडक. कोणाला तारायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलंय, माणसाने त्यात भर घालायची नाही की काटछाट करायची नाही. समोर आमचा दादा, माझा थोरला भाऊ, निवृत्त हेडमास्तर. त्याला आयुष्यात कोणी गप्प बसवलेलं नाही.

"पाळकसाहेब," दादा म्हणाला, "सगळं आधीच ठरलंय, तर तुम्ही दर रविवारी घसा कशाला कोरडा करता?"

"तेही ठरलेलंच आहे, सर," पाळक म्हणाले. सगळे हसले. दादाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"देव दार ठोठावतो. कडी आतून असते. ती माणसानेच काढायची."

"आतला माणूस मेलेला असेल तर कडी कोण काढणार? त्याला आधी उठवावं लागतं. आणि मेलेला माणूस स्वतःला उठवत नाही."

"म्हणजे काहींना उठवायचं आणि काहींना तसंच पडू द्यायचं? हा न्याय झाला?"

"न्याय मागायला गेलो तर आपल्यापैकी एकही सुटणार नाही. म्हणून तर कृपा म्हणतो आपण."

मला दोघांचंही पटत होतं, हाच माझा घोळ आहे. दादा बोलला की वाटतं, सगळं मिस्त्रींच्या हातात आहे, आणि हा माणूस तर नाही म्हणून बसलाय. पाळक बोलले की वाटतं, त्यांच्या हातात काहीच नाही, आणि वरच्याने त्यांना निवडलंच नसेल तर? दोन्हीकडून माझा जीव टांगणीलाच.

बाहेर आले तर मिस्त्री बाकावर बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. म्हणाले, "आज आत आवाज बराच होता. कोण जिंकलं?"

शुक्रवार, ८ मार्च

पाळक दुकानात आले. झग्याच्या बाहीवर मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी सरळ विषयालाच हात घातला.

"पाळकसाहेब, आमचे मिस्त्री निवडलेल्यांतले आहेत का?"

ते जरा दचकले. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून तर कोणाबद्दलच आशा सोडायची नाही."

"मग मी काय करू?"

"प्रार्थना करा. आणि त्यांच्यामागे लकडा लावू नका. बोलावणारा दुसरा आहे."

"त्या दुसऱ्याला एकवीस तारीख माहीत आहे ना?"

पाळक हसले नाहीत. माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला रागही येईना. मी विचारलं, ऐन वेळी पाळक हाताशी नसला तर बाप्तिस्म्याचं काय करतात? ते म्हणाले, जीव धोक्यात असला तर कोणीही विश्वासणारा देऊ शकतो. पाणी हवं, तिन्ही नावं घ्यायला हवीत, बस. एकदा झाला की झाला, पुन्हा करता येत नाही. "पण मागणारा हवा," असंही म्हणाले.

मेणावर कागद ठेवून इस्त्री फिरवली. मेण निघालं. मागणारा कुठून आणू?

रविवार, १० मार्च

विचारलं. दरवर्षी एकदा तरी विचारतेच, पण या वेळी दार लावून, समोर बसून विचारलं. "अहो, माझ्यासाठी म्हणून घ्या ना बाप्तिस्मा."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "तुझ्यासाठी काहीही करेन गं. पण देवाला काय सांगू? बायकोने आग्रह केला म्हणून आलो? घाबरलोय म्हणून आलो? मलाच पटायचं नाही ते."

"घाबरलाय तुम्ही?"

"घाबरणार नाही तर काय! छाती उघडणार आहेत माझी." मग नेहमीसारखे हसले. "तुझ्या दादाचं आणि पाळकांचं भांडण मला लिफ्टसारखं वाटतं बघ. बटण दाबणारा म्हणतो मीच वर आलो. आणि वरती मोटरच्या खोलीत बसलेला मी म्हणतो, तू कसला आलास, मी आणला."

"मग खरं काय?"

"मला काय माहीत. मी ती बंद पडली की जातो."

मी चिडून उठले. ते मागून म्हणाले, "रागावू नकोस." रागावले नव्हते. रडू येत होतं, ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

मंगळवार, १२ मार्च

दादा येऊन तासभर बसला. मिस्त्रींना म्हणाला, मिस्त्री, हो म्हणायला एक शब्द पुरतो. मिस्त्रींनी त्याला दोनदा चहा दिला, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर हिसका का देते ते समजावून सांगितलं. 'हो' काही दिलं नाही. दादाने जाताना जिन्यात माझ्यापाशी हात टेकले. "तुझा नवरा भला माणूस आहे, हीच अडचण आहे. वाईट माणूस पटकन ऐकतो."

शनिवार, १६ मार्च

हे लिहू की नको असं झालंय. लिहिते.

शनिवारी दुकान अर्धा दिवस. दुपारी जेवण झाल्यावर मिस्त्री गोळी घेऊन झोपले. त्या गोळीने त्यांना गाढ झोप लागते. मी खाली इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होते. समोर फवाऱ्याची बाटली. सुती कपड्यांवर मारायला असते ती. पाणी स्वच्छ, त्यात काही मिसळलेलं नाही. मी काही ठरवलं नव्हतं. बाटली हातात घेतली आणि जिना चढून वर आले, एवढंच मला आठवतं.

पडदे ओढलेले होते. ते उताणे झोपले होते, घोरत होते. वाटीने पाणी घातलं असतं तर उशी भिजली असती आणि जागे झाले असते. फवारा बरा. मी उशाशी उभी राहिले. अगदी हळू आवाजात म्हटलं, मी तुम्हाला बाप्तिस्मा देते. पित्याचं नाव घेतलं आणि कपाळावर एक फवारा मारला. घोरणं थांबलं. पण डोळे मिटलेलेच होते. पुत्राचं नाव, दुसरा फवारा. पापणी जराशी हलली. पवित्र आत्म्याच्या नावाला हात इतका कापला की फवारा थेट कानावर गेला. त्यांनी झोपेतच मान माझ्याकडे वळवली, कपाळ अगदी समोर आलं. मी ते नाव परत घेतलं आणि चौथा मारला. मग रुमालाने टिपून घेतलं आणि पाय न वाजवता बाहेर आले.

चहाच्या वेळेला ते नेहमी हाक मारतात. आज मारली नाही. बऱ्याच उशिराने स्वतःच स्वयंपाकघरात आले, खुर्चीवर बसले आणि काही बोलले नाहीत. गोळीची गुंगी असणार.

रविवार, १७ मार्च

उपासनेत लक्ष नव्हतं. मी केलं काय हे? कोणत्याही बाजूने बघितलं तरी चूकच. दादाच्या हिशेबाने, माणसाने स्वतः हो म्हणायला हवं, म्हणजे माझे फवारे वाया गेले. पाळकांच्या हिशेबाने, ठरलेलं असेल तर माझ्या बाटलीची गरज नव्हती, आणि ठरलेलं नसेल तर बाटलीने काही होणार नाही. दोघांचं एकाही गोष्टीवर पटत नाही, पण माझा मूर्खपणा दोघांच्याही मते मूर्खपणाच.

त्यात नावं तीन आणि फवारे चार. कानावरचा धरायचा की नाही?

पण खरी बोच वेगळीच आहे. इतकी वर्षं या माणसाने मला प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं. कधी खोटं 'हो' म्हटलं नाही, मला खूश करायलाही नाही. आणि मी तो झोपलेला असताना त्याच्या 'नाही'वर पाणी फिरवलं. त्यांना कळलं तर ते मला माफ करतील, त्यांचा स्वभावच तसा आहे. पण आमच्यात कधी चोरी नव्हती, ती आता आहे.

आज मिस्त्री बाकावर बसले नव्हते. उपासना संपली तेव्हा चर्चच्या दारात, आतल्या बाजूला उभे होते. म्हणाले, बाहेर ऊन फार होतं. ऊन तर नव्हतं.

मंगळवार, १९ मार्च

जेवणाआधी मी आभार मानते तेव्हा मिस्त्री आपलं ताटाकडे बघत थांबतात. आज त्यांनी डोळे मिटले. ऑपरेशनची भीती माणसाला काय काय करायला लावते. मला त्यांची फार दया आली. मी त्यांचा डाळिंबी रंगाचा स्वेटर दवाखान्याच्या पिशवीत भरला, मग काढला, मग पुन्हा भरला.

बुधवार, २० मार्च

आज दवाखान्यात दाखल केलं. खोलीत दोन पलंग, दुसरा रिकामा. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. मिस्त्रींनी येताना इथल्या लिफ्टला कान लावून ऐकलं आणि म्हणाले, बेअरिंग जाणार लवकरच.

मी ठरवूनच गेले होते की आज सांगायचं. उद्या काही झालं तर माझ्या पोटात हे तसंच राहील आणि मला कोणापाशी सांगता येणार नाही. त्यांचा हात धरला. "अहो, तुम्हाला एक सांगायचंय. माझ्याकडून एक गोष्ट—"

त्यांनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. "आता नको. परत आलो की सांग. काहीतरी ऐकायचं राहिलेलं असलं की माणसाला परत यायला बरं."

"आणि नाही आलात तर?"

"तर तू वर आल्यावर सांग," असं म्हणाले, आणि मला हसवायला म्हणाले असणार, पण मला हसू आलं नाही. हा माणूस 'वर' हा शब्द लिफ्टशिवाय कधी बोलत नाही.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी नेलं. दुपार झाली तरी निरोप नाही.

दादा आणि पाळक दोघंही आले, एकाच बाकावर बसले. दोघांनी प्रार्थना केली. मी मधेच बसले होते, त्यामुळे दोन्ही ऐकल्या. दादा म्हणत होता, प्रभू, सगळं तुझ्या हातात आहे, तुला हवं तसं कर. आणि पाळक, ते बिचारे हात घट्ट जोडून विनवत होते, ऐक ना रे प्रभू, या बाईकडे बघ, जसं काही अजून काहीच ठरलेलं नाही. गडबडीत दोघांनी एकमेकांची प्रार्थना म्हटली की काय, असं वाटलं. मला काहीच मागता आलं नाही. मी नुसती जमिनीच्या फरश्यांकडे बघत होते.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. झालं. नीट झालं.

मंगळवार, २६ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात शिवशिवतायत.

मिस्त्री उशीला टेकून बसलेत, सूप पितात, नर्सबाईंना लिफ्टच्या गोष्टी सांगतात. दुपारी दादा आणि पाळक भेटायला आले. दादाने खुर्चीत नीट बसायच्या आधीच सुरू केलं.

"मिस्त्री, देवाने तुम्हाला परत पाठवलंय. आता तरी स्वतःच्या तोंडाने हो म्हणा. बाप्तिस्मा घ्या."

"सर, त्यांना आधी बरं तरी होऊ द्या," पाळक म्हणाले.

मिस्त्री पाळकांकडे वळले. "पाळकसाहेब, बाप्तिस्मा दोनदा घेता येतो का हो?"

"नाही. एकदाच."

"मग माझी पंचाईत आहे. माझा झालाय."

माझ्या हातातला चमचा सुपाच्या वाटीत पडला.

"झालाय? कधी? कोणी दिला?" दादा.

"गेल्याच्या गेल्या शनिवारी. घरी, पलंगावर. हिने दिला. इस्त्रीच्या बाटलीने."

जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. पाळक माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून म्हटलं, "हे झोपलेले असताना. यांना न विचारता. माझं चुकलं."

"झोपलेला कसला?" मिस्त्री म्हणाले. "एवढं गार पाणी कपाळावर पडल्यावर कोण झोपेल? आधी वाटलं, कॉलर समजून इस्त्री फिरवतेय की काय."

पाळकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "बघा, सर. माणूस झोपलेला आहे, त्याने काही मागितलेलं नाही, आणि पाणी येतं. कृपा अशीच येते."

"अहो, पण ते जागे झाले होते!" दादा खुर्चीतून उठलाच. "हात झटकून उठता आलं असतं. उठले नाहीत. हा होकार नाही तर काय आहे?"

"जागं केलं कोणी पण?"

"आणि पडून राहिलं कोण?"

मला त्या दोघांचं काही ऐकायचं नव्हतं. मी मधेच विचारलं, "पण पाळकसाहेब, ते चालेल का? तुम्हीच म्हणाला होता, मागणारा हवा."

पाळकांनी वाकून मिस्त्रींना विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला तो हवा आहे का?"

मिस्त्री म्हणाले, "परत द्यायचा नाहीये मला."

"मग झाला," पाळक म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक आला.

तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि पेशंटला आराम हवा म्हणून दोघांना बाहेर काढलं. लांबपर्यंत त्यांचे आवाज येत होते. दादा आज जिंकून घरी गेला. पाळकही जिंकूनच गेले.

बुधवार, २७ मार्च

काल मी काही विचारलं नाही. भीती वाटत होती, पाळकांसमोर माझी लाज राखायला त्यांनी तसं म्हटलं असेल तर? आज दुपारी वॉर्ड शांत होता. मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. तोंड वर न करता विचारलं, "अहो, खरं सांगा. राग आला होता ना?"

"आला होता की. पहिल्या फवाऱ्याला आला होता. म्हटलं, इतकी वर्षं मी हिला सांगतोय आणि ही चोरून बाप्तिस्मा देतेय."

"मग उठला का नाहीत?"

"डोळे किलकिले करून बघितलं तर तू रडत होतीस."

मी रडत होते? मला आठवतही नाही.

"म्हणून म्हटलं, मारू दे तिला फवारे," मिस्त्री म्हणाले. "दुसरा तुझ्यासाठी सोसला. तिसरा कानात गेला." मग त्यांनी कानाला हात लावला. "तेव्हा मी मान वळवली. तुझ्यासाठी नाही वळवली, खरं सांगतो. तू तर दिसतही नव्हतीस, डोळे पुन्हा गच्च मिटलेले होते माझे. ठरवलं-बिरवलंही काही नव्हतं. मान आपली वळली. आणि मग मला कळलं, की मला ते हवंय. मलाच आश्चर्य वाटलं गं. पुढचा फवारा येईपर्यंत मी श्वास धरून वाट बघत होतो. वाटलं, आता हिने घाबरून अर्ध्यावर सोडू नये."

माझे हात थांबले होते. ते म्हणाले, तेल गार होतंय, चोळ. मी त्यांच्या तळपायांवर कपाळ टेकलं आणि मोठ्याने रडले, शेजारचा पलंग रिकामा होता ते बरं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

हे मी दादाला सांगणार नाही. पाळकांनाही नाही. आधी मान वळली की आधी हवंसं वाटलं, यावर दोघं पुन्हा वर्षभर भांडतील. मी आणि मिस्त्री तेव्हा त्या खोलीत होतो, आणि आम्हालाही ते माहीत नाही.